हंगाम कुठे बिघडला? वाचकांचे फुटबॉलप्रश्न

आवडता संघ वर्षभर हरत राहिला, त्याचं कारण कसं शोधायचं, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. युरोपातल्या बड्या क्लबांपासून बालेवाडीच्या आठवणींपर्यंत आणि तिथून खडकीच्या मुरमाड मैदानापर्यंत पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा भक्त. २०२४-२५च्या हंगामात संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये पंधरावा आला आणि त्याने जर्सी कपाटात टाकून दिली. एवढा पैसा ओतणारा क्लब इतका खाली जातो कसा? मुलगा म्हणतो खेळाडू चुकले, मी म्हणतो प्रशिक्षक. खरं कोणाचं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी संघाच्या त्या हंगामातल्या ४२ गुणांची फोड करून पाहा, बरंच उलगडतं. एरिक टेन हाग यांच्या हाताखाली ९ लीग सामने, ११ गुण. रूड व्हॅन निस्टलरॉय यांनी हंगामी जबाबदारी घेतली तेव्हा २ सामने, ४ गुण. रूबेन अमोरिम यांचे २७ सामने, २७ गुण. आता टेन हाग यांची गती ३८ सामन्यांपर्यंत ताणली तर ४६-४७ गुण होतात. त्या वर्षी तेराव्या एव्हर्टनचे ४८ आणि चौदाव्या वेस्ट हॅमचे ४३ गुण होते. म्हणजे जुना माणूस टिकला असता तरी संघ चौदावाच आला असता. प्रशिक्षक बदलण्याआधीच संघ तळाच्या अर्ध्यात रुतला होता.

मग बिघाड कुठला? आमच्या मते निर्णयांच्या क्रमातला. मे २०२४मध्ये एफए कप जिंकला. जुलैत टेन हाग यांचा करार वाढवला आणि उन्हाळ्याची खरेदी त्यांच्या पद्धतीला साजेशी केली. २८ ऑक्टोबरला त्यांनाच काढलं. खेळाडू निवडीची जबाबदारी असलेले क्रीडा संचालक जुलैत रुजू झाले आणि डिसेंबरात बाहेर पडले. नोव्हेंबरात आलेल्या अमोरिम यांची पद्धत मात्र अगदी वेगळी : मागे तिघे बचावपटू, दोन्ही कडांना एकेक विंगबॅक, मध्ये दोघे, त्यांच्या पुढे दोघे आणि टोकाला एक स्ट्रायकर.

ही रचना कागदावर सुटसुटीत दिसते, पण तिच्या अटी कडक आहेत. संपूर्ण बाजू एकट्या विंगबॅकने सांभाळायची असते. चढाईत तो विंगर, चेंडू गमावला की पाचवा बचावपटू. दर चढाईला साठ-सत्तर मीटर पुढे आणि तेवढंच मागे. युनायटेडकडे विंगर होते, नेहमीचे फुलबॅक म्हणजे कडेचे बचावपटूही होते. दोन्ही कामं करू शकेल असा खास माणूस, डावीकडचा पॅट्रिक डोर्गू, हिवाळ्याच्या खरेदीत फेब्रुवारीच्या तोंडावर आला. दुसरी अट मधल्या फळीची. तिथे दोघेच असतात आणि समोरच्या संघाने तिघे उभे केले की एक जण कायम मोकळा राहतो. त्याला रोखायला मागच्या तिघांपैकी एकाने नेमक्या क्षणी पुढे यावं लागतं. हा क्षण ओळखण्याची सवय रोजच्या सरावातून लागते, आणि गुरुवारी युरोपा लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, रविवारी देशातली लीग अशा वेळापत्रकात सरावाचा खरा दिवस आठवड्यात एखादाच उरतो. बाकीचे दिवस प्रवास आणि थकवा उतरवणं यांत जातात.

राहिला गोल करण्याचा प्रश्न. ३८ सामन्यांत ४४ गोल. मुख्य दोन आघाडीवीरांपैकी होयलुंडचे लीगमध्ये ४ आणि झिर्कझीचे ३. घरच्या मैदानावरच्या १९ सामन्यांपैकी ९ गमावले. गंमत अशी की हाच संघ युरोपा लीगमध्ये अंतिम सामन्यापर्यंत एकदाही हरला नव्हता. बिलबाओत तो टॉटनहॅमकडून ०-१ हरला आणि पुढच्या वर्षी युरोपीय स्पर्धांत खेळण्याची संधीही गेली. ज्या टॉटनहॅमने करंडक उचलला ते लीगमध्ये सतरावे होते, २२ पराभवांसह. एरवी ३८ किंवा ४२ गुणांवर खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती असते. त्या वर्षी शेवटच्या तिघांचे गुण २५, २२ आणि १२ इतके कमी होते म्हणून दोघेही वाचले.

तेव्हा मुलाचं थोडं खरं, तुमचं त्याहून थोडं कमी. खेळाडू निवडणारे आणि प्रशिक्षक निवडणारे एका वर्षात दोन दिशांना चालले, हा मूळ दोष.

प्रश्न : प्रशिक्षक बदलला की पुढचे दोन-तीन सामने संघ जिंकतो. मग लोक उगाच का म्हणतात की हकालपट्टीने काही होत नाही? – शनिवार पेठ

उत्तर : हकालपट्टी होते केव्हा? संघाची कामगिरी त्याच्या नेहमीच्या पातळीच्याही खाली गेलेली असते तेव्हा. चार-पाच पराभवांच्या साखळीत थोडं दुर्दैव असतंच, आणि ते कायम टिकत नाही. जुनेच प्रशिक्षक राहिले असते तरी निकाल काहीसे सुधारले असते. ती सुधारणा नव्या माणसाच्या खात्यावर जमा होते. म्हणून पहिले तीन सामने सोडा, दहा-बारा सामन्यांनंतर पाहा.

बदल खरोखर लागू पडल्याचीही उदाहरणं आहेत. २०१५-१६मध्ये गतविजेत्या चेल्सीचे १६ सामन्यांत १५ गुण होते, संघ सोळावा होता. डिसेंबरात प्रशिक्षक मोरिन्यो गेले. त्यांच्या जागी आलेल्या हिडिंक यांच्या हाताखाली उरलेल्या बहुतांश सामन्यांतून ५० गुणांपर्यंत मजल गेली आणि संघ दहावा आला. तिथे खेळाडू तेच होते, रचनाही फार बदलली नाही. माणसं आणि प्रशिक्षक यांच्यातला तुटलेला संवाद जुळला. दुखणं नात्यातलं असेल तर माणूस बदलून गुण येतो. दुखणं संघबांधणीतलं असेल तर येत नाही.

प्रश्न : एफसी पुणे सिटी २०१८मध्ये उपांत्य फेरीत गेला आणि पुढच्याच वर्षी ढेपाळला, मग क्लबच गायब झाला. आम्ही बालेवाडीला नियमित जायचो. नेमकं काय चुकलं होतं? – बाणेर

उत्तर : या प्रश्नाची सहा पत्रं आहेत. इतक्या वर्षांनंतरही लोकांना ते लागून राहिलंय, हे वाचून बरंही वाटलं आणि वाईटही.

२०१७-१८मध्ये रांको पोपोविच यांच्या हाताखाली पुणे सिटी १८ सामन्यांत ३० गुणांसह चौथा आला. मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो ही जोडी रंगात होती. बेंगळुरू एफसीविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत ०-० सुटला. बेंगळुरूत सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि १-३ने गाडी थांबली. क्लबची ती पहिलीच बाद फेरी होती. इथून वर जायला एखाद-दोन चांगल्या भरती पुरल्या असत्या.

आता पुढचे महिने पाहा. पोपोविच गेले. उन्हाळ्यात ब्राझीलचे मार्कोस पाकेता यांची नेमणूक झाली, पण हंगाम सुरू होण्याआधीच ते मायदेशी बोताफोगोकडे गेले. मग स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल आले. तीन सामने झाले आणि त्यांना निरोप मिळाला. प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी धुरा सांभाळली. डिसेंबरात इंग्लंडचे फिल ब्राऊन आले. मोजलं तर वर्षभरात पाच प्रशिक्षक. शेवट १८ सामन्यांत २२ गुण आणि सातवा क्रमांक.

प्रशिक्षक बदलणं म्हणजे बाकावरचा चेहरा बदलणं एवढंच नसतं. बचावफळी किती पुढे उभी राहणार हे बदलतं. चेंडू गमावल्यावर धावून जायचं की मागे सरायचं हे बदलतं. कॉर्नरला माणूस धरायचा की जागा, हेही. गोलरक्षकाने छोटा पास द्यायचा की लांब मारायचा इथपर्यंत सगळं नव्याने शिकावं लागतं. एका बचावफळीचा ताळमेळ बसायला निदान सहा-आठ आठवड्यांचा सलग सराव लागतो. त्या हंगामात पुण्याला तो एकाही माणसाकडून पुरेसा मिळाला नाही.

पुणे सिटी जिथे खेळत होता त्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एक जास्तीची अडचण होती. तेव्हा मैदानावर अकरापैकी पाच परदेशी खेळाडू चालत, आणि परदेशी खेळाडू बहुधा प्रशिक्षकाच्या ओळखीतून, पसंतीने येतात. त्यामुळे प्रशिक्षक गेला की जवळपास अर्धा संघ दुसऱ्याच कोणाच्या आवडीचा उरतो. नवा माणूस त्यांच्याकडून वेगळंच काम मागतो आणि स्ट्रायकर, मधल्या फळीचा सूत्रधार, स्टॉपर म्हणजे मधला बचावपटू या कण्याच्या जागांवरच गोंधळ होतो.

पैशाची ओढाताण तर होतीच. २०१९मध्ये क्लब बंद झाला आणि लीगमधली जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुढची गोष्ट पुणेकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. हैदराबादचं पहिलं वर्ष, २०१९-२०, पुण्यापेक्षाही वाईट गेलं : १८ सामन्यांत १० गुण, तळाचा क्रमांक. मग मानोलो मार्केझ आले आणि त्यांना सलग तीन हंगाम मिळाले. तरुण भारतीय खेळाडूंभोवती संघ उभा राहिला. २० मार्च २०२२ला गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना १-१ सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले. हैदराबाद विजेता. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२३-२४मध्ये, खेळाडूंचे पगार थकले, बरेच जण हंगामाच्या मध्यात सोडून गेले, नव्या नोंदणीवर बंदी आली. २२ सामन्यांत एक विजय, ८ गुण. चार वर्षांत तळ, शिखर आणि पुन्हा तळ. पहिल्या चढणीला स्थैर्य कारण होतं, दुसऱ्या घसरणीला थकलेले पगार.

पुण्याची हानी एका क्लबपुरती नव्हती. पुणे एफसी २०१२-१३च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, उपविजेता होता. भारत एफसी एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजियन्स दोन. २०१५ ते २०१९ या काळात चारही संघ वरच्या पातळीवरून नाहीसे झाले. मैदान होतं, प्रेक्षक येत होते, अकादमीतून मुलंही तयार होत होती. एकाच मालकाच्या खिशावर क्लब उभा असला की त्या खिशाला कात्री लागताच सगळं बसतं. तिकीट, जर्सी, स्थानिक प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री या चारांतून निदान निम्मा खर्च निघेल अशी घडी कोणीच बसवली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी आकड्यांतला माणूस. संघ हरतोय तो दुर्दैवाने की खरोखर वाईट खेळतोय, हे घरी बसून ओळखता येईल का? – हिंजवडी

उत्तर : येईल, पण दहा सामन्यांचा धीर हवा. एक वही घ्या आणि प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांसाठी चार गोष्टी नोंदवा : पेनल्टी क्षेत्रातून मारलेले फटके, बाहेरून मारलेले फटके, गोलच्या दिशेने गेलेले फटके आणि झालेले गोल. कॉर्नर किंवा फ्री किकवरून झालेल्या गोलावर खूण करा. पेनल्टीचे गोल वेगळे ठेवा.

क्षेत्राच्या आतला आणि बाहेरचा फटका वेगळा का लिहायचा? कारण दोघांची किंमत सारखी नाही. अपेक्षित गोलांच्या, म्हणजे फटक्याचा गोल होण्याच्या शक्यतेच्या, हिशोबात पेनल्टी साधारण ०.७८ धरतात, म्हणजे शंभरांत अठ्ठ्याहत्तर आत जातात. पंचवीस मीटरवरून मारलेला फटका ०.०३च्या आसपास असतो. टीव्हीवर ‘वीस फटके मारले तरी हरले’ असं ऐकू येतं, तेव्हा त्यांतले चौदा लांबून असतील तर त्या विसाला फार अर्थ नाही.

दहा सामन्यांनंतर आधी आतले फटके जोडा. तुमच्या संघाचे समोरच्यापेक्षा बरेच जास्त असूनही गुण कमी पडत असतील, तर घाबरू नका. मग दोन टक्केवाऱ्या काढा. गोलच्या दिशेने गेलेल्या आपल्या फटक्यांपैकी किती गोल झाले आणि समोरच्यांच्या तशा फटक्यांपैकी आपल्या गोलरक्षकाने किती अडवले. पहिली तिसाच्या आणि दुसरी सत्तरीच्या आसपास, मिळून शंभराजवळ, असं सर्वसाधारण चित्र असतं. बेरीज नव्वदच्या आसपास किंवा त्याखाली अडकली असेल तर ती बहुधा वर सरकते. बेरीज शंभर असूनही संघ हरत असेल तर मात्र संधीच निर्माण होत नाहीत, किंवा फार दिल्या जातायत. ते आपोआप सुधारत नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण बोरुसिया डॉर्टमुंडचा २०१४-१५चा हंगाम. पहिल्या १७ सामन्यांत १५ गुण, फेब्रुवारीच्या सुरुवातीला थेट अठरावा म्हणजे शेवटचा क्रमांक. पण संधींचं पारडं तेव्हाही त्यांच्याकडे झुकलेलं होतं. क्लबने युर्गन क्लॉप यांना हलवलं नाही. दुसऱ्या टप्प्यात ३१ गुण मिळाले, संघ सातवा आला आणि जर्मन कपच्या अंतिम सामन्यातही पोचला. मात्र सगळा दोष नशिबावर टाकू नका. लेवान्डोवस्की त्याच उन्हाळ्यात बायर्नला गेला होता आणि आतले फटके गोलात बदलणारा माणूस हरवला होता. वही हा फरकही दाखवते, फक्त फटका कोणी मारला तेही लिहायला हवं.

प्रश्न : मी स्थानिक लीगमधला संघ चालवतो. या वर्षी आमचा स्टॉपर गुडघ्याने बाहेर गेला, म्हणून मधल्या फळीतला सर्वांत चांगला मुलगा मागे खेचला. तरी गोल खातच राहिलो, तेही शेवटच्या वीस मिनिटांत. शिवाय चौघांच्या मांडीचे मागचे स्नायू ताणले. पुढच्या वर्षी काय वेगळं करू? – खडकी

उत्तर : तीन दुखणी आहेत, पण एकमेकांत गुंतलेली.

पहिलं स्टॉपरचं. तुम्ही केलं तेच लिव्हरपूलने २०२०-२१मध्ये केलं होतं. ऑक्टोबरात व्हॅन डाइक, नोव्हेंबरात गोमेझ, पुढे मातिप असे तिन्ही मुख्य स्टॉपर गेले. मधल्या फळीतले फाबिन्यो आणि हेंडरसन मागे आणले. बचाव कसाबसा झाकला गेला, पण मधली फळी पोकळ झाली. चेंडू वरच्या वर हिसकावला जाईना, त्यामुळे बचावावर हल्ले आणखी वाढले. ज्या ॲनफिल्डवर ६८ लीग सामने संघ हरला नव्हता तिथे सलग सहा हरला. शेवटी फाबिन्योला त्याच्या जागी परत पाठवलं आणि मागे नॅट फिलिप्स, रीस विल्यम्स ही नवखी पोरं उभी केली. शेवटच्या १० सामन्यांत ८ विजय, २ बरोबरी, संघ तिसरा.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा : एक भोक बुजवायला दुसरं पाडू नका. मधल्या फळीतला मुलगा तिथेच राहू द्या. मागे दुय्यम संघातला उंच, शांत डोक्याचा मुलगा घ्या आणि त्याचं काम सोपं करा. बचावफळी नेहमीपेक्षा पाच-सात मीटर मागे ठेवा, म्हणजे त्याच्या पाठीमागे धावण्याला जागा उरत नाही. त्याने चेंडू खेळवायचा नाही, पहिल्याच स्पर्शात बाहेर काढायचा. बाजूच्या अनुभवी खेळाडूने सतत बोलत राहायचं. हंगाम सुरू होण्याआधीच्या सराव सामन्यांत प्रत्येक जागेवर दुसरा माणूस निदान दोनदा पूर्ण वेळ खेळवून ठेवा. अडचण आल्यावर शोधायला बसलात की उशीर झालेला असतो.

दुसरं, शेवटची वीस मिनिटं. इथे दमसास, पाणी आणि बदली खेळाडू या तिन्ही बाजू तपासा. उन्हात सामना असेल तर मुलांचं वजन आधी आणि नंतर करा, टॉवेलने घाम पुसून, त्याच कपड्यांत. ६० किलोच्या मुलाचं वजन सव्वा किलोहून जास्त घटलं तर दोन टक्क्यांवर पाणी गेलं आणि त्याचे पाय व निर्णय दोन्ही मंदावतात. दर किलोमागे पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबूपाणी चालेल. सामन्याआधी दोन-तीन तासांत ४००-५०० मिलिलिटर घोट घोट, आणि मध्यंतराला पुन्हा. बदली खेळाडू ऐंशीव्या मिनिटाला आणण्याची सवय सोडा. कडांचे खेळाडू सर्वांत आधी थकतात. तुम्ही खाल्लेले उशिराचे गोल कुठल्या बाजूने आले ते आठवून पाहा, बहुधा तिथेच थकलेला फुलबॅक सापडेल. त्याला साठाव्या-पासष्टाव्या मिनिटाला बदला.

तिसरं, स्नायू. मांडीचा मागचा स्नायू बहुतेक वेळा पूर्ण वेगाने धावताना जातो. सरावात मुलं कधीच पूर्ण वेगाने धावत नाहीत आणि सामन्यात एकदम धावतात, हे त्याचं मोठं कारण. आठवड्यातून दोनदा, चांगलं गरम झाल्यावर, २०-३० मीटरच्या चार ते सहा दौडी जवळजवळ पूर्ण वेगात घ्या. प्रत्येकीनंतर एक-दीड मिनिट चालत परत. जास्त नकोत.

सोबत नॉर्डिक व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं. शेवटी हातांवर अंग झेलायचं. पहिल्या आठवड्यात तीन ते पाचच वेळा, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या सणकून दुखतात आणि मुलं पुन्हा करायला तयार होत नाहीत. सहा-आठ आठवड्यांत हळूहळू दहा-बारापर्यंत. सामन्याच्या आदल्या दिवशी मुळीच नाही. हा एक व्यायाम नेटाने केला तर या दुखापती निम्म्यावर येतात, इतका तो खात्रीचा आहे.

वॉर्मअपसाठी ‘फिफा ११ प्लस’ वापरा. साहित्य लागत नाही, वेळ २० मिनिटं. आधी ८ मिनिटं हलकं धावणं आणि वळणं, मग १० मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटी २ मिनिटं वेगाची धाव. एकूण १५ व्यायाम. आठवड्यातून निदान दोनदा झाला पाहिजे, एरवी उपयोग दिसत नाही. उडीवरून उतरताना गुडघा आत पडतोय का, हे प्रशिक्षकाने समोर उभं राहून बघायचं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. तुमच्या स्टॉपरचा गुडघा याच ठिकाणी वाचू शकला असता की नाही हे सांगता येत नाही, पण बाकीच्यांचे वाचवता येतील.

सराव सहा आठवडे आधी सुरू करा. पहिले दोन आठवडे आठवड्याला तीनच दिवस, चेंडूसह हलकी धाव. तिसऱ्या-चौथ्यात छोट्या मैदानावर चारास चार, पाचास पाच. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव सामने, दोन सामन्यांत निदान ७२ तासांचं अंतर. आपल्याकडे मैदानं मुरमाड आणि टणक. लांब स्टडचे, म्हणजे तळव्याला लांब खुंट असलेले, बूट तिथे रुतत नाहीत, पाय मुरगळतो. छोट्या, साच्यातल्या रबरी स्टडचे बूट घ्या. पावसाळ्यात चिखल झाला की उलट, तेव्हा जरा लांब स्टड हवेत. एकच जोडी वर्षभर चालवणं हेही दुखापतीचं एक कारण आहे.

प्रश्न : आयएसएलमध्ये शेवटून पहिला आला तरी संघ तिथेच राहतो. मग वाईट हंगामाची शिक्षा काय? – चिंचवड

उत्तर : २०२४-२५च्या हंगामापर्यंत तिथून एकही संघ खालच्या श्रेणीत घसरला नव्हता. वर येण्याची वाट मात्र उघडली : आता एक पायरी खाली असलेली आय-लीग जिंकून पंजाब एफसी २०२३-२४मध्ये आला आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग २०२४-२५मध्ये. मोहम्मेडन पहिल्याच वर्षी १३ गुणांसह तळाशी राहिला. वर आल्यावर संघ किती झपाट्याने बांधावा लागतो ते यातून कळतं.

घसरण नसण्याचा फायदाही होतो. २०१८-१९मध्ये गतविजेता चेन्नईयिन १८ सामन्यांत अवघ्या ९ गुणांवर अडकला. पुढच्या हंगामातही सुरुवात वाईटच होती, मग ओवेन कॉयल आले आणि तोच क्लब अंतिम सामन्यापर्यंत गेला. युरोपात असता तर तोवर खाली गेला असता. पण आमचं मन घसरण असावी याच बाजूचं आहे. २०१४-१५च्या आय-लीगमध्ये शेवटचा होता आपला भारत एफसी. लीगमध्ये थेट प्रवेश मिळालेला नवा क्लब म्हणून त्याला घसरणीपासून संरक्षण होतं, म्हणून त्याच्या वर असलेला, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो खाली गेला. अशी विषम शिक्षा नको.

प्रश्न : मी सीएचा विद्यार्थी. एव्हर्टनचे गुण हिशोबावरून कापले म्हणे. खेळाचा आणि ताळेबंदाचा संबंध सोप्या भाषेत सांगाल का? – नारायण पेठ

उत्तर : प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपर्यंतचा तोटा चालत होता. एव्हर्टनने मर्यादा ओलांडली. २०२३-२४मध्ये आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, नंतर दुसऱ्या प्रकरणात आणखी २. मैदानावर ४८ मिळवले, हाती राहिले ४०. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही त्याच वर्षी ४ गेले.

तुमच्या अभ्यासातला भाग असा. खेळाडूची किंमत खरेदीच्या वर्षी सगळी खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. १०० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला २० कोटी, वर पगार वेगळा. दोन वर्षांनी पुस्तकी किंमत ६० कोटी उरते. त्याला ४५ कोटींना विकलं तर १५ कोटींचा तोटा त्याच वर्षी नोंदवावा लागतो. म्हणून फसलेला खेळाडू विकणंही क्लबला परवडत नाही आणि तो पगार घेत बाकावर बसून राहतो. काही क्लबांनी आठ-आठ वर्षांचे करार करून वार्षिक बोजा हलका केला होता. २०२३मध्ये ही वाटणी जास्तीत जास्त पाच वर्षांवरच करायची, असा नियम झाला.

अकादमीतून आलेल्या मुलाची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य, त्यामुळे त्याच्या विक्रीची पूर्ण रक्कम नफा म्हणून दिसते. हंगाम बिघडला, युरोपचं उत्पन्न बुडालं की क्लब नेमका घरचा पोरगा विकायला काढतो ते यामुळेच. तुमच्या आवडत्या संघाचा जूनअखेरचा ताळेबंद आला की आधी तीन रकाने पाहा : एकूण उत्पन्नाच्या तुलनेत पगार किती, खेळाडूंच्या किमतीची वार्षिक वाटणी किती आणि विक्रीचा नफा कुठून आला. पगारच उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांपुढे गेला असेल तर पुढच्या उन्हाळ्यात खरेदीपेक्षा विक्रीच्या बातम्या जास्त येतील.